विमानाची भीती आणि दादरची नऊ सत्रं

‘अजिबात दुखणार नाही’ असं मी कुठल्याच पेशंटला सांगत नाही. २२ वर्षं झाली मी रक्त घेतेय. घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये सकाळी साडेसहाला कलेक्शन सुरू होतं, त्याआधी दोन-तीन होम व्हिजिट उरकलेल्या असतात. सुई बघून पांढरीफटक पडणारी माणसं रोज समोर बसतात. त्यांना मी सांगते, ‘टोचेल. तीन आकडे मोजेपर्यंत टोचेल, मग नाही.’ एकदा खोटं सांगितलं की पुढच्या खेपेला तो माणूस हातच पुढे करत नाही.

हे आधी लिहिलं, कारण विमानाच्या भीतीसाठी मी तीन ठिकाणी गेले आणि तिन्ही ठिकाणं मी याच मापाने मोजली. तिसरं ठिकाण दादरचं. मार्च ते जुलै २०२५ या काळात तिथे माझी नऊ सत्रं झाली. त्याबद्दल सविस्तर लिहितेय. केंद्राचं आणि मॅडमचं नाव देत नाही. मी विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. पण तुम्ही कुठेही गेलात तरी काय बघायचं, काय विचारायचं, हे यातून कळावं असं मनापासून वाटतं.

माझी भीती कुठून आली ते थोडक्यात सांगते. त्याआधी मी दोनदा विमानात बसले होते, दोन्ही वेळा दिल्लीला. आवडलं नव्हतं, पण बसले होते. मग २८ जून २०१८ ला दुपारी घाटकोपर पश्चिमेला जीवदया लेनमध्ये चाचणीसाठी उडवलेलं एक छोटं विमान कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्याने चाललेला एक माणूस गेला. आमची लॅब तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. दुपारभर तो जळका वास होता. आम्ही राहतो तिथून मोठी विमानं उतरताना इतकी खाली येतात की चाकं दिसतात. जन्म त्या आवाजात गेला, कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्या दिवसानंतर प्रत्येक विमानाला मान वर जायला लागली.

आणि मग डिसेंबर २०२२. कोलकात्याला माझा मोठा भाऊ गेला. रात्री फोन आला, यांनी पहाटेच्या विमानाची दोन तिकिटं काढली. आम्ही टॅक्सीने विमानतळापर्यंत गेलो. दारात जवानाने तिकीट आणि ओळखपत्र मागितलं आणि माझे हात बधिर झाले, बोटं वळली, श्वास लागेना. हे म्हणाले, ‘चल, घरी जाऊ.’ ती तिकिटं वाया गेली. त्यानंतरच्या गीतांजली एक्स्प्रेसने गेलो, तिसाहून जास्त तास. पोचलो तेव्हा दादाचं सगळं आटोपलं होतं. वहिनी म्हणाली, ‘थांबवलं असतं गं, पण किती थांबवणार?’ त्यावर तिने पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही.

आधीची दोन ठिकाणं पटकन सांगते. एका डॉक्टरांनी चिंतेची गोळी लिहून दिली, ‘बसायच्या तासभर आधी घ्या’ एवढंच म्हणाले. भीती कशाची आहे, कधीपासून आहे, काही विचारलं नाही. ती पट्टी तशीच कपाटात राहिली. दुसरं, एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर होतं, ७,५०० रुपये. डोळे मिटायला लावले, आपण ढगांवर तरंगतोय अशी कल्पना करायला लावली आणि संध्याकाळी पाच वाजता जाहीर केलं की तुमची भीती आता गेलेली आहे. माझी गेली नव्हती. तसं सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘तुम्ही मनापासून केलं नाही.’ त्या वाक्याचा मला आजही राग येतो. शीर सापडली नाही तर मी पेशंटला दोष देत नाही.

आता दादरचं. स्टेशनच्या पश्चिमेला, चालत सात-आठ मिनिटं, जुन्या इमारतीचा दुसरा मजला. लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी फोन करून विचारावं. दोन खोल्या, बाहेर चार खुर्च्या. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला ‘ताई’ म्हणतात. फी ५० मिनिटांच्या सत्राला १,८०० रुपये, आणि एक सत्र विमानतळाबाहेर झालं त्याचे २,५०० घेतले. रक्कम लहान नाही. माझ्या पगारात ती दर पंधरा दिवसांनी काढणं जड गेलं, हे लपवत नाही.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, ‘माझी भीती जाईल का?’ त्या म्हणाल्या, ‘कमी होईल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. ती असतानाही तुम्ही विमानात बसू शकाल, एवढं आपण करू.’ मला तिथेच हायसं वाटलं. ‘टोचेल’ म्हणणारं कुणीतरी भेटलं.

त्यांची कामाची रीत अशी. एक वही करायची. भीतीला ० ते १०० आकडा द्यायचा. शून्य म्हणजे दुपारची झोप, शंभर म्हणजे २०२२ चा तो दरवाजा. मग भीतीची शिडी लिहायची, सगळ्यात कमी घाबरवणारी गोष्ट खाली, विमानात बसणं सगळ्यात वर. एकेक पायरीवर जायचं, तिथे थांबायचं, आकडा चढू द्यायचा आणि तो आपोआप उतरेपर्यंत हलायचं नाही. पळून गेलं की मेंदू शिकतो, ‘पळालो म्हणून वाचलो.’ थांबलं की शिकतो, ‘थांबलो तरी काही झालं नाही.’ ही आकड्यांची पद्धत जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६९ मध्ये मांडली असं त्यांनी सांगितलं. त्यांचा एक नियम मात्र फार पक्का होता. प्रत्येक वेळी दोन आकडे लिहायचे, चढलेला आणि नंतर उतरलेला. मी नेहमी पहिलाच लिहून वही मिटायचे. त्या पान उघडून बोट ठेवायच्या, ‘ताई, नंतरचा?’

दुसऱ्या सत्रात त्यांनी जे सांगितलं त्याने माझं अर्धं काम केलं असं मी म्हणेन. मला सगळ्यात जास्त भीती होती ती विमानात चक्कर येऊन पडण्याची. त्यांनी मलाच विचारलं, ‘तुमच्या लॅबमध्ये माणसं चक्कर येऊन पडतात, तेव्हा प्रेशर काय असतं?’ खाली गेलेलं असतं. नाडी मंद होते, रक्तदाब झपकन उतरतो, म्हणून तर आम्ही आडवं करतो आणि पाय वर घेतो. मॅडम म्हणाल्या, सुईची आणि रक्ताची भीतीच तेवढी अशी आहे. विमान, लिफ्ट, उंची, गर्दी यांच्या भीतीत उलटं होतं, नाडी जोरात चालते आणि प्रेशर वर जातं. त्यामुळे त्या भीतीत माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, त्याला फक्त वाटतं की आता पडणार. मी खुर्चीत सरळ झाले. २२ वर्षं मी प्रेशर उतरलेली माणसं सांभाळतेय आणि स्वतःच्या धडधडीला तीच भोवळ समजत होते!

बोटं वळण्याचंही तसंच. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, हात वळतात, डोकं हलकं होतं. तो झटका नव्हे आणि हार्ट अटॅकही नव्हे. उपाय साधा: चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, बाहेरचा लांब. शांत व्हायला म्हणून नव्हे, तर बिघडलेलं प्रमाण जागेवर यायला. कारण कळल्यावर मी तो सराव कंटाळा न करता केला. लोकलमध्ये विद्याविहार ते सायन रोज.

गोळीचंही मी विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की औषध लिहिणं त्यांच्या अधिकारात नाही, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आहेत, आणि कुणाची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. पण फक्त प्रवासापुरत्या घेतलेल्या गोळीबद्दल त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. विमानाला घाबरणाऱ्या बायकांच्या एका गटाला अल्प्राझोलाम हे चिंतेवरचं औषध दिलं, दुसऱ्याला नुसतीच दिसायला तशी, औषध नसलेली गोळी. पहिल्या प्रवासात औषधवाल्यांना बरं वाटलं. आठवड्याने सगळ्यांना गोळीशिवाय परत बसवलं, तेव्हा त्याच बायका जास्त घाबरल्या. पहिल्या प्रवासात त्यांचा मेंदू काही शिकलाच नव्हता. ती पट्टी मी घरी येऊन दुकानात परत करायला गेले, तर मुदत संपलेली निघाली.

तिसरं सत्र वाया गेलं. डोळ्यांवर तो मोठा चष्मा लावून आभासी विमानात बसवलं. आतली माणसं परदेशी, घोषणा परदेशी, आणि मला भीतीऐवजी मळमळायला लागलं. दहा मिनिटांत काढून ठेवला. कुणाला उपयोग होत असेल, मला झाला नाही. मॅडमनी तो परत पुढे केला नाही, हे चांगलं. पण त्या दिवशीची फी पूर्ण घेतली, हे मला पटलं नाही. तसं त्यांना सांगितलंही.

मग गच्ची. रोज संध्याकाळी १५ मिनिटं गच्चीवर उभं राहून उतरणारी विमानं बघायची आणि फोनवर फ्लाइटरडार२४ उघडून ते कुठून आलंय ते बघायचं. हे साधं काम माझ्या फार उपयोगी पडलं. आधी ते नुसते अंगावर येणारे आवाज होते. आता नावं आली. हे नागपूरचं, हे दुबईचं, हे कोचीचं. पावसाळ्याच्या आसपास वारा समुद्राकडून असतो, विमानाला उतरताना समोरून वारा हवा, म्हणून ती ठाणे खाडीकडून येऊन आमच्या घाटकोपरवरून धावपट्टी २७ वर (२७ हा पश्चिम दिशेचा आकडा) उतरतात आणि उडताना जुहूच्या समुद्राकडे जातात. मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. दोन-तीन मिनिटांत एक विमान. एका संध्याकाळी जास्त वेळ थांबून मी २३ मोजली. २३ विमानं आली, उतरली. पहिल्या दिवशीचा आकडा ५५, तीन आठवड्यांनी १५. एकदा कोलकात्याचं विमान डोक्यावरून गेलं. तो आकडा मी लिहिला नाही. मी नुसतीच रडले. मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे भीतीचं नाही, हे दादाचं आहे. ते वेगळ्या पानावर लिहू.’

पाचव्या सत्रात त्यांनी फोनवर एका निवृत्त गृहस्थांशी बोलणं करून दिलं. पार्ल्याचे, विमान दुरुस्तीत आयुष्य गेलेलं. अर्धा तास ते फक्त आवाजांबद्दल बोलले. मी त्यांचं सगळं वहीत उतरवलं आणि प्रवासात तेच पान हातात होतं. एअरबस ए३२० असेल तर उडण्याआधी पायाखालून करवत चालल्यासारखा किंवा कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. पॉवर ट्रान्सफर युनिट नावाचा पंप आहे, एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला पोचवतो. काही मोडलेलं नसतं. उडाल्यावर थोड्या वेळात खालून धप्प होतं, ती चाकं आत जातात. मग इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात गोळा येतो. बऱ्याच जणांना वाटतं इंजिन बंद पडलं. तसं नसतं, उडायला लागणारा जोर आता लागत नाही म्हणून पायलट तो कमी करतात. पंख वर-खाली हलतात, कारण ते हलण्यासाठीच बनवलेले असतात. विमानाला आयुष्यात सोसावा लागेल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पंखांना पेलावाच लागतो, तेव्हाच परवानगी मिळते. धक्के कमी हवे असतील तर पंखाजवळची जागा घ्या, शेपटीकडची नको. आणि शेवटी म्हणाले, ‘पावसात मुंबईला उतरताना कधी कधी विमान जमिनीजवळ येऊन परत वर जातं. त्याला गो-अराउंड म्हणतात. वहीत मोठ्या अक्षरात लिहा. संकट आलं म्हणून जात नाहीत, संकटाच्या जवळही जायचं नाही म्हणून जातात.’ मी लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं.

सातवं सत्र टर्मिनल दोनच्या बाहेर. घाटकोपरहून मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे मेट्रो तीन, एकच स्टेशन पुढे. तिकिटाशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आम्ही प्रस्थानाच्या दारासमोर उभ्या राहिलो. तोच जवान नव्हता, पण तोच गणवेश, तसंच हात पुढे करून ‘तिकीट, आयडी’. आकडा ८५. पाय निघायला बघत होते. मॅडम शेजारी उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या, पाठीवर हातही ठेवला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, ‘माझा हात धरून उतरलेला आकडा तुमचा नसतो.’ चाळीस मिनिटं लागली. एक म्हातारी बाई नातवाला ओरडत होती, एका मुलीची चप्पल तुटली होती, हे दिसायला लागलं तेव्हा बघितलं, आकडा ४०.

त्यानंतर चार दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादचं विमान पडलं. २४२ जणांमधला एक वाचला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. जेवायला बसलेली मुलं गेली.

मी त्या रात्री झोपले नाही. तेच दृश्य फोनवर किती वेळा बघितलं ते सांगवत नाही. शनिवारी १४ तारखेला आठवं सत्र होतं. मी ठरवूनच गेले होते की जुलैचं तिकीट रद्द करायचं आणि उरलेली फी वाचवायची. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यासाठी ते तिकीट होतं. मला वाटलं होतं मॅडम आता आकडेवारी काढतील, विमान किती सुरक्षित वगैरे. त्यांनी काढली नाही. पहिली १५ मिनिटं त्या गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘असं होत नाही असं मी तुम्हाला कधी सांगितलं होतं का?’ नव्हतं सांगितलं. ‘हे झालं. फार वाईट झालं. तुम्हाला वाटतंय ते कुणालाही वाटेल.’ मग विचारलं, ‘आज दादरला कशा आलात?’

लोकलने. नेहमीसारखी. आणि माझ्याच तोंडून निघालं, सोमवारी, म्हणजे ९ जूनला, मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. आमचीच मध्य रेल्वे. मंगळवारी सकाळी मी त्याच लाइनवर चढले, दारातच उभी राहिले, कारण आत जागा नव्हती. एकदाही मनात आलं नाही की आज नको. मला त्या मेलेल्या माणसांपुढे माझीच लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, लाज वाटायचं कारण नाही, रोज चढतो त्या गोष्टीची भीती मेंदू ठेवतच नाही, तेवढंच बघा. तिकीट ठेवायचं की रद्द करायचं ते तुम्ही ठरवा, आज ठरवू नका. दृश्य बघायचं नाही. बातमी दिवसातून एकदा, छापील पेपरात वाचायची.

तिकीट मी ठेवलं. प्राथमिक अहवाल १२ जुलैला आला आणि माझं विमान १३ जुलैला होतं. त्या दिवशी घरोघरी टीव्हीवर तेच होतं. आमचा टीव्ही बंद होता. अहवालाच्या बातम्या मी परत आल्यावर वाचल्या.

जाण्याचं थोडक्यात. हे बरोबर होते. दारातल्या जवानाने कागद बघितले, परत दिले, एवढंच झालं. ६५. आत बसल्यावर पायाखालचं कुत्रं खरंच भुंकलं आणि मी यांना म्हटलं, ‘पंप आहे तो.’ जुहूचा किनारा खाली गेला, इंजिनाचा आवाज उतरला, पोटात गोळा आला, ९५. चार आत, सहा बाहेर. हे म्हणाले, ‘माझा हात सोडशील का, बोटं दुखतायत.’ मी सोडला, खुर्चीचा हात धरला. पावणेतीन तासांतला दीड तास माझी अवस्था वाईट होती, उरलेल्या वेळात मी चहा प्याले. वहिनीने दार उघडलं, मला बघितलं, घड्याळ बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली.

मॅडमच्या सेवेत काय कमी वाटलं तेही लिहिते. त्या मराठी उत्तम बोलतात, पण घरी भरायचे तक्ते सगळे इंग्रजीत होते. मी सातव्या सत्रापर्यंत सांगत होते, शेवटी मीच ते मराठीत करून दिले. संध्याकाळच्या वेळा नोकरदारांसाठी तीन-चारच आहेत आणि त्या महिनाभर आधी भरतात. दोन सत्रांच्या मध्ये फोन करायची सोय नाही, व्हॉट्सॲपवर लिहा, वेळ मिळाला की उत्तर येतं. १२ जूनच्या रात्री मला कुणाशी तरी बोलायला हवं होतं. तेव्हा आमच्या लॅबमधल्या मुलीने टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताई वीस मिनिटं बोलल्या. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी हा नंबर लिहून ठेवा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रांग असते, पण फीचा हा भार नसतो.

कुठेही गेलात तरी पहिल्या भेटीत विचारा की शेवटी प्रत्यक्ष विमानापर्यंत नेणार की खुर्चीतच बसवणार. आणि ‘भीती कायमची घालवून देतो’ म्हणाले तर उठा.

येताना मी एकटी होते. यांची रजा संपली, हे आधीच परत आले होते. २ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ. खिडकी, पंखाजवळची रांग. भुसावळच्या पुढे कुठेतरी ढग लागले आणि तिथून विमान हलायला लागलं. खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखं. पट्टा आवळला, ७०, काही वेळाने ५०. नवी मुंबईचे दिवे दिसले, पुसले गेले, परत दिसले. खाडी ओलांडली. ढगाखाली आलो तर खाली निळ्या ताडपत्र्या, टेकडीवरची घरं, ओले चमकणारे रस्ते. आमचं घाटकोपर. मी आमची गच्ची शोधत होते. आणि त्याच क्षणी इंजिनं गरजली, नाक वर झालं, मी खुर्चीत मागे दाबली गेले, खालची घरं पावसात गायब. मागे कुणीतरी किंचाळलं. शेजारचा कॉलेजचा मुलगा, तीन तास हेडफोन लावून बसलेला, माझ्याकडे वळला. त्याचे ओठ पांढरे झाले होते. हा रंग मी रोज बघते.

माझा स्वतःचा आकडा ९० होता. वही मांडीवरच होती, दोनदा अधोरेखित केलेलं पान उघडं. मी त्याला म्हटलं, ‘गो-अराउंड आहे. पावसात करतात. अजून १५-२० मिनिटं वर हलेल, पोटात गोळा येईल. मग परत उतरायला जाईल. माझ्याबरोबर श्वास घे, चार आत, सहा बाहेर.’ त्याने घेतला. मीही घेतला. मग कॅप्टनची घोषणा झाली, धावपट्टी नीट दिसली नाही म्हणून फेरी मारून येतोय. मुलगा म्हणाला, ‘काकू, तुम्ही एअरलाइनमध्ये आहात का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, मी रक्त घेते.’

दुसऱ्या खेपेला उतरलो. धावपट्टीवर पाणी उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्ट्याजवळ बॅगेसाठी उभी असताना त्या पानाचा फोटो मॅडमना पाठवला, वर तारीख, खाली ९०. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘ताई, नंतरचा?’

बॅग अजून आली नव्हती. मी पेन काढलं आणि ९० च्या खाली लिहिलं, २५.